कॅमोमाइलचं तेल: बाटली उघडण्याआधी गाजर गवताचं विचारा

बांधावरचं गाजर गवत उपटून आल्यावर ज्यांच्या पापण्या सुजतात, मानेला खाज सुटते, कोपराच्या आतल्या घड्या लाल होतात, त्यांनी कॅमोमाइल या फुलझाडाचं तेल अंगाला लावू नये. बाटलीवर ही ओळ सहसा नसते. या तेलाची बहुतेक माहिती युरोपातून आली आहे, आणि तिकडच्या बांधावर गाजर गवत नसतं. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कुठल्याही शिवारात ते पायाखाली येतं.

कॅमोमाइल, शेवंती, झेंडू, सूर्यफूल, करडई आणि गाजर गवत ही सगळी एकाच कुळातली, ॲस्टरेसी म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातली. या कुळातल्या झाडांत सेस्क्विटर्पीन लॅक्टोन नावाची द्रव्यं असतात. गाजर गवतातलं पार्थेनिन त्यातलंच. १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदवलेलं हे तण आता सगळीकडे माजलंय, आणि शेतात राबणाऱ्या अनेकांच्या कातडीने पार्थेनिनची ओळख पक्की करून ठेवली आहे. एकदा ओळख झालेली कातडी त्याच कुळातल्या दुसऱ्या झाडावरही तशीच उठू शकते. वाफेवर काढलेल्या तेलात हे लॅक्टोन फारसे उतरत नाहीत, हे खरं. पण भरवसा धरावा इतकंही ते स्वच्छ नसतं. सुकी फुलं, त्यांचा काढा आणि फुलं मुरवून केलेलं तेल यांत तर ते जास्तच असतात. ज्यांना गाजर गवताचा किंवा शेवंतीचा त्रास आहे, त्यांनी घरी कातडीवर चाचणी करून बघण्याचाही प्रयोग करू नये. तो त्वचारोगतज्ज्ञांचा विषय.

बाकीच्यांसाठी पुढचं.

नाव एक, झाडं दोन

कॅमोमाइल म्हणून विकली जाणारी मुख्य तेलं दोन. जर्मन कॅमोमाइल म्हणजे मॅट्रिकेरिया कॅमोमिला (काही बाटल्यांवर मॅट्रिकेरिया रिक्युटिटा लिहिलेलं असतं, झाड तेच). रोमन कॅमोमाइल म्हणजे कॅमेमेलम नोबिल, जुनं नाव अँथेमिस नोबिलिस. जर्मन तेल गर्द निळं असतं, जवळजवळ शाईसारखं, आणि थोडं घट्ट. वास गोडसर, गवताचा, काहींना उग्र वाटतो. रोमन तेल फिकट पिवळं किंवा किंचित निळसर, पातळ, आणि वास सफरचंदासारखा. कॅमोमाइल हे नावच मुळात ग्रीक भाषेतल्या ‘जमिनीवरचं सफरचंद’ या अर्थाच्या शब्दावरून आलंय.

निळ्या रंगाची गंमत अशी की फुलात तो नसतोच. फुलात मॅट्रिसिन नावाचं बिनरंगी द्रव्य असतं. ऊर्ध्वपातनाच्या, म्हणजे फुलांतून तेल काढतानाच्या, वाफेत ते मोडतं आणि त्याचं कॅमाझुलीन होतं, तो निळा रंग त्याचा. कॅमाझुलीन आणि अल्फा बिसाबोलॉल ही जर्मन तेलातली दाह कमी करणारी प्रमुख द्रव्यं. रोमन तेलात मुख्यत्वे अँजेलिक आम्लाची एस्टर्स असतात. त्याचं नाव जास्त करून मन शांत करणाऱ्या वासासाठी घेतलं जातं. कातडीसाठी घ्यायचं तर जर्मन, उशाशी ठेवायला रोमन, एवढं लक्षात ठेवलं तरी पैसे वाया जात नाहीत.

आणि तिसरी वस्तू, जिच्यामुळे सगळ्यात जास्त गोंधळ होतो: रोगन बाबूना. काष्ठौषधीच्या दुकानात कॅमोमाइल मागितलं की दुकानदार हेच पुढे करतो, आणि त्याची चूक नाही. युनानीत कॅमोमाइलला बाबूना म्हणतात, फुलांना गुल-ए-बाबूना. रोगन बाबूना म्हणजे ही फुलं तिळाच्या तेलात मुरवून केलेलं मालिशचं तेल. ते तसंच सांध्यांना चोळायचं असतं, पातळ करायचं नसतं. ऊर्ध्वपातनाने काढलेलं सुगंधी तेल मात्र कधीही थेट लावायचं नाही. एक जण रोगन बाबूना समजून निळं तेल गुडघ्यावर ओततो आणि कातडी भाजून घेतो. दुसरा निळ्या तेलाची कृती वाचून रोगन बाबूनाचे ६ थेंब खोबरेलात टाकतो आणि ‘काहीच फरक नाही पडत’ म्हणतो. घोळ दोन्हीकडे नावाचाच.

शंभर टक्के शुद्ध, आणि हिशेब

युरोपियन फार्माकोपिया या औषधांच्या दर्जाच्या ग्रंथातल्या मानकानुसार चांगल्या सुक्या जर्मन कॅमोमाइल फुलांत किलोमागे निदान ४ मिली निळं तेल असावं लागतं. त्या हिशेबाने १० मिलीच्या बाटलीला अडीच किलो सुकी फुलं लागतात. ओली फुलं सुकून साधारण पाचवा हिस्सा उरतात, म्हणजे बारा किलोच्या आसपास ओली फुलं, हाताने खुडलेली. आता दुकानात सुक्या बाबूनाचा किलोचा भाव विचारा, अडीचने गुणा, आणि समोरच्या बाटलीची किंमत बघा. ठोक भाव कमी असतो हे धरलं तरी १० मिली ‘शुद्ध’ तेल दीडशे रुपयांना कसं परवडतं, हा प्रश्न विक्रेत्याला विचारण्यासारखा आहे. बहुतेक वेळा ते कृत्रिम सुगंध, खनिज तेल आणि रंग यांचं मिश्रण असतं. ‘एक नंबर शे’ म्हणणाऱ्याला बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, बॅच क्रमांक, काढण्याची पद्धत आणि त्या बॅचचा जीसी-एमएस अहवाल (तेलातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या चाचणीचा) दाखवायला सांगा. अहवालात जर्मन तेलासाठी कॅमाझुलीन, बिसाबोलॉल, बिसाबोलॉल ऑक्साइड आणि फार्नेसीन ही नावं दिसायला हवीत.

निळा रंग हा एकटा पुरावा नव्हे. ब्लू टॅन्सी नावाचं दुसऱ्याच झाडाचं तेलही कॅमाझुलीनमुळेच निळं असतं. मोरोक्कन कॅमोमाइल हेही वेगळंच झाड, त्यात निळेपणा नाही आणि गुणही तेच नाहीत.

घरी एक ढोबळ तपासणी करता येते. पांढऱ्या कोऱ्या कागदावर एक थेंब तेल आणि शेजारी एक थेंब खोबरेल टाका. खोबरेलाचा डाग पसरत जातो आणि कागद आरपार दिसू लागतो. तसाच मोठा, तेलकट, पारदर्शक डाग कॅमोमाइलच्या थेंबाचाही झाला तर त्यात साधं तेल मिसळलंय. मात्र कॅमोमाइलमधली काही द्रव्यं जड असल्याने ती निलगिरीसारखी तासाभरात उडून जात नाहीत. एक-दोन दिवस फिकट निळसर डाग राहिला म्हणून भेसळ ठरवू नका.

फुलाचे गुण तेलाच्या नावावर

इथे बहुतेक जाहिराती वाचकाला फसवतात, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. कॅमोमाइलने झोप लागते, घालमेल कमी होते, या दाव्यामागे एपिजेनिन नावाचं द्रव्य सांगितलं जातं. एपिजेनिन हे फ्लॅवोनॉइड, म्हणजे वनस्पतींत सापडणाऱ्या द्रव्यांच्या एका गटातलं. ते वाफेबरोबर वर चढत नाही, त्यामुळे ऊर्ध्वपातनाने काढलेल्या तेलात ते नसतंच. ते मिळतं फुलांच्या चहात आणि अर्कात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात चिंतेच्या आजारावर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फुलांच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या होत्या, दिवसाला १५०० मिलिग्रॅम. लक्षणं कमी झाली, पण आजार उलटण्याचं प्रमाण घटल्याचं संख्याशास्त्राने पक्कं ठरलं नाही. हा निष्कर्ष दाखवून कोणी सुगंधी तेलाची बाटली विकत असेल तर तो वड दाखवून पिंपळ विकतोय.

गुडघेदुखीचंही तसंच. इराणमध्ये गुडघ्याच्या झिजेवर कॅमोमाइलच्या तेलाची चाचणी झाली, २०१५ साली ती छापून आली. तेल लावणाऱ्यांना पॅरासिटामॉलच्या गोळ्या कमी लागल्या, पण ताठरपणा आणि हालचाल यांच्या मोजमापात फरक ठळक दिसला नाही. गुडघ्याला चोळायचंच असेल तर फुलं मुरवलेलं तेल घरी करून बघायला हरकत नाही. २५ ग्रॅम पूर्ण सुकी फुलं, २५० मिली घाणीचं तिळाचं तेल, मंद आचेवर पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून दोन-तीन तास. तेल बोट बुडवता येईल इतकंच गरम राहायला हवं. गाळल्यावर एक रात्र स्थिर ठेवा आणि वरचं तेलच बाटलीत भरा, तळाशी ओलावा आणि गाळ बसतो. फुलं जरा जरी ओलसर राहिली तर तेल आंबूस होतं, बुरशी धरते. हे तेल हिरवट पिवळं होईल, निळं नाही, कारण मॅट्रिसिन मोडायला इथे वाफ नाही.

मग निळ्या तेलाचा उपयोग काय? कोरड्या, खाजऱ्या, किंचित लाल कातडीला पातळ करून लावलं तर आराम वाटू शकतो. भेगाळलेल्या टाचांच्या मलमात चांगलं. झोपण्याआधी वास घेतल्याने मन निवांत होत असेल तर तोही फायदाच. सोरायसिस, नायटा, जुनी जखम, यांवरचं औषध मात्र ते नाही. जर्मनीत १९८४ साली कमिशन ई या तज्ज्ञ समितीने त्वचेच्या आणि श्लेष्मल त्वचेच्या (तोंड-नाकाच्या आतल्या ओलसर अस्तराच्या) दाहावर बाहेरून लावायला मान्यता दिली ती कॅमोमाइलच्या फुलांना.

एक टक्का म्हणजे किती

मोठ्यांच्या अंगाला लावायला १ टक्का पुरतं. ३० मिली साध्या तेलात ०.३ मिली सुगंधी तेल, साधारण ६ थेंब. चेहऱ्यासाठी निम्मं, म्हणजे ३ थेंब. एखाद्या दुखऱ्या जागी थोडे दिवस लावायचं तर २ टक्क्यांपर्यंत, त्यापुढे नको. जास्त टाकल्याने जास्त गुण येत नाही, फक्त कातडी चिडण्याची शक्यता वाढते. आणि एकदा का कातडीने तेलाशी वैर धरलं की पुढे थोडंसं लागलं तरी पुरळ उठतं.

थेंबांचा हिशेब मात्र फसवा. ड्रॉपरचं तोंड आणि तेलाचा घट्टपणा यांनुसार १ मिलीत २० थेंबही बसतात आणि ३०च्या पुढेही जातात. मेडिकलमधून १ मिलीची सिरिंज घ्या, सुई काढून टाका. मिलीच्या खुणा असलेलीच घ्या. इन्सुलिनच्या सिरिंजवर युनिटच्या खुणा असतात, त्यात ४० युनिटवाली आणि १०० युनिटवाली वेगळी, गोंधळ ठरलेला. वापरून झाल्यावर सिरिंज लगेच धुवा, सुगंधी तेलाने प्लास्टिकवरचे आकडे पुसले जातात.

पातळ करायला साधं तेल कुठलं घ्यावं? घाणीच्या शेंगदाणा तेलात आपल्याकडे सगळंच होतं, पण इथे त्याचा स्वतःचा वास वरचढ ठरतो, आणि घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ते नकोच. खोबरेल हलकं, वास कमी. थंडीत ते गोठतं, उन्हाळ्यात आपल्याकडे प्रश्नच नाही. खोबरेलात ६ थेंब खरं जर्मन तेल टाकलं की मिश्रणाला स्पष्ट निळसर छटा येते. कोरड्या कातडीला तीळ तेल बरं, त्यात हाच रंग हिरवट दिसतो. पांढऱ्या चादरी आणि सदरे जपा, निळा डाग सहज जात नाही. निलगिरी, कापूर, पुदिन्याचं सत्त्व हे सगळं ‘अजून गुणकारी’ म्हणून त्यात घालायची सवय असेल तर सोडा. कापूर लहान मुलांच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात, आणि मोठ्यांचं मालिशचं तेल लहानांच्या हाती लागायला वेळ लागत नाही.

लावण्याआधी चाचणी अशी करा. तयार केलेल्या मिश्रणाचे २ थेंब हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खाली लावा आणि गॉजच्या तुकड्याने झाका. दुसऱ्या हाताला त्याच जागी नुसतं साधं तेल लावून तसंच झाका. दुसऱ्या हाताची पट्टी अनेक जण विसरतात, आणि खानदेशच्या उन्हात तिथेच चुकतं. घामाने आणि चिकटपट्टीने कातडी तशीही लाल होते. दोन्ही हात सारखेच लाल झाले तर दोष पट्टीचा, एकच झाला तर तेलाचा. २४ तासांनी पट्टी काढा, पण निकाल ७२ तासांपर्यंत बघा. ॲलर्जीची पुरळ बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठते.

टाचांच्या भेगांचं मलम

४० मिली तिळाचं तेल, १० ग्रॅम मधाच्या पोळ्याचं मेण, ०.५ मिली जर्मन कॅमोमाइल तेल. साधारण ४७ ग्रॅम मलम होतं, लहान तीन डब्या भरतात.

मेण किसा. पातेल्यात दोन बोटं पाणी उकळत ठेवा आणि त्यात कोरडा स्टीलचा डबा ठेवून मेण आणि तेल एकत्र वितळवा. पोळ्याचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे थेट आचेची गरज नाही. मिश्रण स्वच्छ, एकसारखं झालं की डबा बाहेर काढा, बाहेरचं पाणी पुसा आणि ढवळत राहा. डब्याच्या कडेला मिश्रण पांढुरकं, दुधाळ दिसायला लागतं तो क्षण महत्त्वाचा. त्याच वेळी निळं तेल घाला, दहा-बारा वेळा ढवळा आणि लगेच डब्यांत ओता. आधी घातलं तर गरमीने वास उडतो. उशीर केला तर मलम दाणेदार होतं आणि तेल एकाच जागी साचतं. त्या साचलेल्या जागचं मलम लावलं की आग होते. असं झालंच तर पुन्हा पाण्यावर वितळवून घ्या.

मेणबत्तीचं मेण वापरू नका. ते तेलाला धरून ठेवत नाही, दोन दिवसांत डबीवर घाम सुटल्यासारखं तेल वर येतं. भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हाही वरच्या प्रमाणातलं मलम मऊ पडतं, पण ओघळत नाही. थंडीत ते घट्ट वाटलं तर पुढच्या वेळी मेण ८ ग्रॅम करा. डबीत पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका.

रात्री पाय कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटं बुडवा, पुसून कोरडे करा, भेगेभोवतीच्या जाड कातडीला मलम लावा आणि सुती मोजे घाला. रक्त येणाऱ्या भेगेत मलम भरायचं नाही. मधुमेह असलेल्यांनी टाचेची भेग घरगुती मलमावर सोडू नये. पायाला संवेदना कमी असते, आत काय चाललंय ते कळत नाही.

खानदेशात नेमकं काय चुकतं

पहिलं, कूलर. मे महिन्यात कुणीतरी म्हणतंच, टाकीत दोन थेंब टाकी दे, घरभर वास दरवळेल. सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. टाकीतलं पाणी कमी झालं की पंप तोच तवंग ओढतो, तेल गवताच्या ताट्यांवर किंवा जाळीच्या पॅडवर बसतं, त्यावर धूळ चिकटते, आणि महिनाभरात पॅडमधून पाणी नीट झिरपत नाही. शिवाय त्या खोलीत झोपलेलं बाळ आणि दम्याचा माणूस रात्रभर तोच वास घेत राहतो. वासच हवा तर डिफ्युझरमध्ये १०० मिली पाण्याला ३ ते ४ थेंब, २० ते ३० मिनिटं, खिडकी उघडी ठेवून, मग बंद. नाहीतर कापसाच्या बोळ्यावर रोमन कॅमोमाइलचा एक थेंब, उशीपासून हातभर दूर. झोपेसाठी याहून जास्त काही करण्याची गरज नाही. घरात मांजर असेल तर डिफ्युझरही नको. मांजराचं यकृत अशा तेलांतली कित्येक द्रव्यं नीट निकामी करू शकत नाही.

दुसरं, घामोळ्या. ‘कॅमोमाइल कातडीला थंड’ असं वाचून मुलांच्या पाठीला तेलाचा हात फिरवला जातो. घामोळ्या होतात घामाची छिद्रं बुजल्याने, आणि वर तेल लावणं म्हणजे ती आणखी बुजवणं. इथे तेल नको, फुलांचं पाणी वापरा. एक मोठा चमचा सुकी फुलं, १५० मिली उकळतं पाणी, १० मिनिटं झाकण. गाळून पूर्ण गार करा आणि सुती फडक्याने टिपून घ्या. गाजर गवताची अट इथेही लागू, उलट जास्तच. हे पाणी डोळ्यांत घालू नका. गाळणीतून सुटलेले परागकण डोळा लाल करतात.

तिसरं, बादली. परदेशी कृतीत टबातल्या पाण्यात ५ थेंब टाकायला सांगतात. आपल्याकडे बादली आणि तांब्या. थेंब टाकले की ते पाण्यावर तरंगतात, आणि पहिल्या दोन तांब्यांबरोबर बिनपातळ तेल खांद्यावर, मानेवर येतं. उरलेल्या बादलीत निव्वळ पाणी. अंघोळीत वापरायचं असेल तर अंग पुसल्यावर १ टक्क्याचं तेल ओलसर कातडीला लावणं सोपं आणि सुरक्षित.

चौथं, बाळ. पोटाच्या मुरड्याला कॅमोमाइल चालतं असं कुठेतरी वाचून बाळगुटीत किंवा बेंबीवर निळा थेंब लावणारे आहेत. कृपा करून नको. दोन वर्षांखालच्या मुलांना हे तेल अंगालाही लावू नये. दोन ते सहा वर्षांत ३० मिलीला फार तर १-२ थेंब, तेही डॉक्टरांना विचारून. आणि पोटात कुणाच्याच नाही. ‘पाण्यात एक थेंब’ हा प्रकार घशाला आणि अन्ननलिकेला भाजणारा आहे, कारण तो थेंब पाण्यात मिसळत नाही, तसाच घशाला चिकटतो. पोटात जाण्यासाठी चहा आहे. २ ते ३ ग्रॅम फुलं, १५० मिली उकळतं पाणी, झाकण ठेवून १० मिनिटं. आपल्या सवयीप्रमाणे दूध-साखर घालून खळखळ उकळलं की सुगंध वाफेबरोबर स्वयंपाकघरात जातो आणि कपात गवताचं पाणी उरतं.

गोळ्या चालू असतील तर

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, वॉरफेरिन किंवा असेनोकुमॅरॉल, घेणाऱ्यांनी कॅमोमाइलपासून लांब राहावं. २००६ साली कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रकरण आलं होतं: हृदयात कृत्रिम झडप बसवलेली ७० वर्षांची बाई, वॉरफेरिन चालू, आणि तिने कॅमोमाइलचा चहा आणि कॅमोमाइलचं लोशन दोन्ही भरपूर वापरलं. तिला आतून रक्तस्राव झाला. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत कॅमाझुलीन आणि तेलातली इतर द्रव्यं यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) अडवताना दिसली आहेत. म्हणून सायक्लोस्पोरिनसारखी मोजून मापून द्यावी लागणारी औषधं घेणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू असतील तर तेच. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी थांबा आणि भूलतज्ज्ञांना सांगा. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, टाळा. अंगावर पाजणाऱ्या आईने छातीच्या आसपास लावू नये.

कातडीची आग झाली तर लगेच पाणी ओतू नका. आधी साध्या खोबरेलात बुडवलेल्या फडक्याने तेल पुसून काढा, मग साबण, मग पाणी. डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं स्वच्छ पाण्याची धार, आणि डॉक्टर. मुलाने बाटली तोंडाला लावली तर उलटी करवू नका. उलटीतून तेल फुप्फुसात गेलं तर जास्त धोका. ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला तर १०८ला फोन, आणि बाटली सोबत घेऊन जा.

उन्हाळा आणि बाटली

या तेलाचे शत्रू तीन, ऊन, हवा आणि गरमी, आणि तिन्ही आपल्याकडे मुबलक. कॅमाझुलीन उजेडात आणि हवेत बिघडतं. गर्द निळं तेल आधी हिरवट होतं, मग तपकिरी. गडद काचेची, लहान, तोंडोतोंड भरलेली बाटली सगळ्यात चांगली. ५० मिलीच्या बाटलीत तळाशी ५ मिली तेल उरलं म्हणजे उरलेली जागा हवेची. लहान बाटलीत काढून ठेवा. रबरी फुग्याचा ड्रॉपर लावून ठेवू नका, वाफेने रबर मऊ पडतं आणि तेलात उतरतं.

फ्रीजमध्ये ठेवणं उत्तम, पण झाकणाच्या बरणीत घालून, नाहीतर दूध-लोण्याला वास लागतो आणि ते औषध आहे हे मुलांना कळत नाही. जर्मन तेल गार झाल्यावर घट्ट होतं. बाटली तळहातात धरून कोमट करा, गॅसवर नाही. फ्रीज नसेल किंवा वीज सारखी जात असेल तर धाब्याच्या घरातल्या आतल्या खोलीचा कोनाडा पत्र्याच्या खोलीतल्या कपाटापेक्षा कितीतरी बरा. मातीचं छत दुपारची धग खाली उतरू देत नाही. देवघराजवळ नको, ही तेलं पेट घेतात. गाडीच्या डॅशबोर्डवर एप्रिलची एक दुपार राहिलेली बाटली परत वापरू नये.

उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून बाटलीला लावा. नीट ठेवलेलं तेल दोन-तीन वर्षं चालतं.

एक फाटा शेतकऱ्यांसाठी, कारण ‘आपल्याकडे लावता येईल का’ हे कुणीतरी विचारणारच. जर्मन कॅमोमाइल रब्बीचं पीक आहे आणि चोपण, खारवट जमीनही बरीच सोसतं. लखनौच्या सीमॅप या औषधी आणि सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने ‘वल्लरी’ नावाचं वाण काढलंय. बी अतिशय बारीक, हजार दाण्यांचं वजन ०.१ ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे रोपवाटिका करावीच लागते. पण खरा खर्च फुलं खुडण्याच्या मजुरीचा. खुडे चार-पाच येतात, नेमके कापूस उलगल्यानंतर मजूर इतरत्र गुंतलेले असताना. गवती चहाच्या भट्टीत निळं तेल काढायचं म्हटलं तर भट्टी आधी आतून स्वच्छ करावी लागते, नाहीतर सगळ्या तेलाला लिंबाचा वास लागतो. शिवाय निळा भाग उशिरा उतरतो, गवती चहासारखं लवकर आटोपत नाही. खरेदीदाराने भाव कागदावर दिला असेल तरच रोपं टाका.

तपकिरी पडलेल्या तेलाला उघडण्याची तारीख बघून वाढीव मुदत देऊ नका. ते अंगाला लावायचं नाही. कापसावर दोन थेंब टाकून गोधड्यांच्या पेटीत ठेवा, तिथे ते अजून वर्षभर वास देतं.